बादलीला ठिगळ

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. मोरीत, गच्चीवर, जिन्याखाली, पलंगाखाली जरा नजर टाका. बूड फुटलेली बादली, कान तुटलेला टब, तडा गेलेले घमेले, तोटी मोडलेला वजूचा लोटा, यांपैकी काहीतरी नक्की सापडेल. अशा वस्तू घरोघरी असतात. त्या वापरता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. अम्मी म्हणते, "राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल." अब्बा म्हणतात, "भंगारवाल्याला देऊन टाका." वस्तू मात्र तिथेच पडून राहते.

या पाठात आपण प्लॅस्टिकच्या फुटक्या वस्तूंची दुरुस्ती कशी करतात ते पाहणार आहोत. 'दुरुस्ती' हा मराठी शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. उर्दूत तुम्ही 'दुरुस्त' म्हणता, तोच हा शब्द. दोन्ही भाषांनी तो फारसीकडून घेतला. 'बादली' आणि 'बाल्टी' ही तर सख्खी भावंडेच आहेत. दोन्ही पोर्तुगीज भाषेतील एकाच शब्दावरून आले आहेत. असे ओळखीचे शब्द पुढेही भेटतील. पण आधी माझ्या हातून फसलेल्या एका दुरुस्तीची हकीकत ऐका.

मी तेव्हा सातवीत होतो. आमचे घर मालेगावात, यंत्रमागांच्या गल्लीत. अब्बा मागावर कामाला जात. घरात अम्मी, आम्ही तिघे भाऊ-बहीण आणि दादी. दादीचे गुडघे दुखत. ती खाली बसू शकत नसे. वजू करताना ती प्लॅस्टिकच्या एका लाल स्टुलावर बसे आणि नमाजही त्याच स्टुलावर बसून पढे. एके दिवशी त्या स्टुलाच्या एका पायाच्या मुळाशी तडा गेलेला मला दिसला. तडा म्हणजे उर्दूत आपण ज्याला 'दराड' म्हणतो ते.

मला वाटले, नवीन स्टूल कशाला? मीच हे जोडतो. दुकानातून झटपट चिकटणाऱ्या डिंकाची छोटी नळी आणली. तड्यात दोन-चार थेंब सोडले आणि पाय दाबून धरला. दोन मिनिटांत डिंक वाळला. तडा दिसेनासा झाला. मी स्टूल दादीपुढे नेऊन ठेवले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पुष्कळ दुआ दिल्या आणि दोन रुपयेही दिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे, फजरच्या वेळी, मोरीत धपकन आवाज झाला. आम्ही सगळे धावलो. दादी फरशीवर पडली होती. तिचा उजवा हात अंगाखाली आला होता. स्टुलाचा पाय बाजूला निखळून पडला होता.

मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये राहिला. शेजारपाजारच्या बायका विचारायला येत. दादी प्रत्येकीला एकच सांगे, "पाय घसरला." स्टुलाचे नाव तिने एकदाही काढले नाही. पाहुण्यांसाठी पाण्याचा पेला घेऊन मी दारात उभा असे आणि ते ऐकत असे. अब्बांनी मात्र स्टूल उलटे करून पाहिले होते. वाळलेला डिंक तिथे चमकत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही न बोलता स्टूल उचलले आणि माळ्यावर टाकले.

त्यानंतर काही आठवड्यांनी गल्लीत एक चाचा आले. पूर्वी भांड्यांना कल्हई लावणारे जसे दारोदार फिरत, तसेच बादल्या जोडणारेही फिरत. "बाल्टी, टब, ड्रम जुडवा लो!" अशी त्यांची हाक असे. सायकलच्या मागे पत्र्याच्या डब्यात केलेली सिगडी, लाकडी मुठीच्या दोन-तीन चपट्या सळ्या आणि रंगीबेरंगी तुकड्यांनी भरलेली एक गोणी, एवढेच त्यांचे दुकान. मी माळ्यावरून स्टूल काढले आणि त्यांच्यापुढे नेले. विचारले, "चाचा, डिंक इतका घट्ट वाळला होता. मग हे तुटले कसे?"

चाचांनी नखाने डिंक खरवडला. कांद्याचा पापुद्रा निघावा तसा तो अखंड निघून आला. त्याखालचे प्लॅस्टिक स्वच्छ होते. डिंकाने त्याला धरलेच नव्हते! मी म्हणालो, "मग तुम्ही तुमच्या सळईने जोडून द्या." त्यावर ते म्हणाले, "बेटा, बादली गळली तर पाणी सांडते. स्टूल मोडले तर माणूस पडतो. मी बादल्या जोडतो, स्टूल जोडत नाही."

डिंकाने प्लॅस्टिकला का धरले नाही, हे मला पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळले. तुम्ही ते आजच घरी पाहू शकता. एक काचेचा तुकडा साबणाने स्वच्छ धुऊन वाळवा. एक मेणबत्ती आडवी ठेवा. एक प्लॅस्टिकची बादली उलटी ठेवा. तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. काचेवर थेंब पसरतो. मेणबत्तीवर तो मोत्यासारखा गोल राहतो. बादलीवरही पसरत नाही, फुगीरच राहतो. आता लक्षात आले का? चिकटायचे असेल तर आधी डिंकाने पृष्ठभागावर नीट पसरले पाहिजे. बादलीचे प्लॅस्टिक मेणाच्या नात्यातले आहे. दोन्ही कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्यांनी बनलेले असतात. मेणाच्या साखळ्या आखूड, प्लॅस्टिकच्या फार लांब. म्हणून मेण नखाने खरवडता येते आणि बादली पाण्याचे ओझे पेलते. पण डिंकाला दोघेही सारखेच परके.

म्हणजे सगळी प्लॅस्टिके सारखी नसतात. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी समोर कोणते प्लॅस्टिक आहे हे ओळखायला हवे. माझी चूक हीच झाली होती. मी डिंक पाहिला, स्टूल पाहिलेच नाही.

पहिला भेद मोठा आहे. काही प्लॅस्टिके तुपासारखी असतात. तूप तापवले की पातळ होते, गार झाले की थिजते, पुन्हा तापवले की पुन्हा पातळ. बादल्या, टब, खुर्च्या, डबे, पाइप हे सगळे या गटातले. दुसरा गट अंड्यासारखा. अंडे एकदा उकडले की ते पुन्हा पातळ होत नाही. कितीही तापवा, जळेल पण वितळणार नाही. कुकरची काळी मूठ आणि जुन्या पद्धतीची काळी बटणे बेकलाइटची असतात. लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने हे प्लॅस्टिक १९०७ साली अमेरिकेत तयार केले. गरम सळई लावून बेकलाइट कधीच जोडले जात नाही.

तुपासारख्या गटातही अनेक प्रकार आहेत. वस्तू उलटी करून बुडाशी पाहा. बऱ्याच वस्तूंवर तीन बाणांचा एक लहान त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा. ही खूण १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली. ती भंगार वेगळे करण्यासाठी होती, पण दुरुस्ती करणाऱ्यालाही ती कामाला येते. १ म्हणजे पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक. २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीन. ३ म्हणजे पीव्हीसी, ज्याचे नळाचे पाइप होतात. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, पट्टीसारख्या कडक वस्तूंचे, वाकवले की कट्कन तुटणारे. बाकी सगळे ७ मध्ये. बादली, टब, स्टूल, खुर्ची या वस्तू बहुधा २ किंवा ५ च्या असतात.

या ५ क्रमांकाच्या प्लॅस्टिकबद्दल एक गंमत सांगतो. इटलीचे ज्युलिओ नट्टा यांनी १९५४ साली ते टणक स्वरूपात तयार केले. त्याआधी जर्मनीचे कार्ल झिगलर यांनी पॉलिएथिलीन कमी दाबाखाली बनवण्याची रीत शोधली होती. दोघांना मिळून १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या बादलीला आपण येता-जाता पायाने सरकवतो, तिच्यामागे एवढी विद्या आहे!

खूण नसेल तर? तर वस्तूच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापा आणि पाण्याच्या पेल्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर हवेचे बुडबुडे तुकड्याला उचलून धरतात आणि फसवतात. तुकडा तरंगला तर तो २, ४ किंवा ५ चा. बुडाला तर १, ३ किंवा ६ चा असू शकतो. आता पेल्यात चार चमचे मीठ विरघळवा. ६ चा तुकडा बहुधा वर येतो, १ आणि ३ चे खालीच राहतात. स्वस्त वस्तूंमध्ये कधी कधी खडूसारखी पांढरी भुकटी मिसळलेली असते. मग प्लॅस्टिक जड होते आणि ही परीक्षा चुकते. तेव्हा एकाच परीक्षेवर विसंबू नका. वाकवून पाहा, नखाने खरवडून पाहा, वाजवून पाहा. मुंबईच्या धारावीत भंगार वेगळे करणाऱ्या कामगारांनी वर्षानुवर्षे हीच परीक्षा हातांनी केली आहे. ते तुकडा जाळून धुराच्या वासावरूनही ओळखतात, पण ते तुम्ही मुळीच करायचे नाही. तो धूर छातीला फार वाईट असतो.

आता बादली जोडायला घेऊ. चाचांनी त्या दिवशी आमच्या दारात आमचीच निळी बादली जोडली. मी तासभर शेजारी बसून पाहिले. तेच तुम्हाला सांगतो. चाचांची सळई निखाऱ्यांवर तापे. तुम्हाला २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरेल. रेडिओ, घंटी दुरुस्त करणाऱ्यांकडे ते असते. नसेल तर जुना स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवूनही काम होते, फक्त तो पुन्हा पुन्हा तापवावा लागतो. याशिवाय एक पक्कड, एक दाभण आणि पॉलिश पेपरचा तुकडा घ्या. आणि हो, घरातले एक मोठे माणूस शेजारी बसवा. त्याशिवाय सुरुवातच करू नका. काम खिडकीजवळ किंवा अंगणात करा. मुलींनी ओढणी मागे घट्ट बांधावी. सैल बाही वर दुमडावी.

प्रथम बादली साबणाने घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मोरीतल्या बादलीवर साबणाचा आणि क्षारांचा थर बसलेला असतो. तो राहिला तर जोड पक्का होत नाही. नंतर तडा जिथे संपतो ते टोक शोधा. बादली उजेडासमोर धरली की ते दिसते. त्या टोकाला तापलेल्या दाभणाने एक लहान गोल भोक पाडा. तुम्ही म्हणाल, "सर, बादली जोडायची आहे की आणखी फोडायची?" पण हे भोक फार महत्त्वाचे आहे. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना तर हे चटकन कळेल. कापडाच्या काठाला कात्रीने जरासा छेद दिला की पुढे ते हाताने सर्रकन फाटते. सगळा ताण त्या छेदाच्या टोकावर येतो. टोक गोल केले की ताण सभोवार वाटला जातो आणि तडा पुढे सरकत नाही. भोक नंतर बुजवायचेच असते.

मग तड्याच्या दोन्ही कडा गरम टोकाने किंवा चाकूने थोड्या तासून घ्या, म्हणजे मध्ये इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच तयार होते. कडा एकमेकींना भिडवून धरा. आता गरम टोक तड्यावर आडवे टेकवा आणि उचला. थोडे पुढे पुन्हा टेकवा आणि उचला. शिंपी आधी कच्चे टाके घालतो, तसे हे कच्चे टाके झाले. यामुळे कडा जागच्या हलत नाहीत.

यानंतर ठिगळ. ठिगळ म्हणजे उर्दूतले 'पैबंद'. शिंपी रेशमी कपड्याला गोणपाटाचे ठिगळ लावत नाही. इथेही तसेच आहे. ५ च्या बादलीला ५ चाच तुकडा हवा, २ च्या बादलीला २ चा. दोन्ही पाण्यावर तरंगतात, दिसायलाही सारखे असतात, पण वितळल्यावर एकमेकांत मिसळत नाहीत. गार झाले की ठिगळ सुटून येते. म्हणून चाचा आधी बादलीच्या काठाखाली, न दिसणाऱ्या जागी, तुकड्याचा एक थेंब वितळवून लावत. गार झाला की नखाने ओढत. निघाला तर तुकडा परत गोणीत. त्या दिवशी त्यांनी गोणीतले तीन-चार तुकडे असे लावून पाहिले. एकही टिकला नाही. मग त्यांची नजर माझ्या लाल स्टुलाकडे गेली. त्यांनी त्याचा पाय उचलला, त्याचा एक थेंब बादलीला लावला, गार होऊ दिला आणि ओढून पाहिला. थेंब निघेना. चाचा हसले. त्यांनी चाकू तापवून स्टुलाच्या पायाची एक लांब पट्टी कापली.

पट्टीचे टोक आणि खाच एकाच वेळी गरम करत ती खाचेत भरत जायची. नुसती पट्टी वितळवून वर ओतली तर ती वर बसते, आत मुरत नाही. दोन्ही बाजू वितळल्या तरच लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि जोड एकजीव होतो. पॉलिएथिलीन सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांना. सोल्डरिंग आयर्नचे टोक ३०० अंशांच्याही पुढे जाते. म्हणून ते एका जागी धरून ठेवू नका. टेकवा, दाबा, उचला. धूर दिसला किंवा रंग तपकिरी झाला, तर समजा की प्लॅस्टिक जळते आहे. जळलेल्या जागी जोड ठिसूळ होतो. एक बाजू भरली की बादली उलटी करून आतूनही तसेच करा. मग पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने गरम जोड कितपत पक्का झाला हे पाहण्यासाठी बादली दोन्ही हातांनी वाकवली. पुढे काय झाले ते सांगायला नको.

जिथे ओढ बसते, उदाहरणार्थ टबाचा काठ किंवा टोपलीची मूठ, तिथे वितळवलेला जोड एकटा पुरत नाही. तिथे तारेचे टाके घालावेत. जुन्या वायरीतून तांब्याची तार काढा. तड्याच्या दोन्ही बाजूंना, अर्धा सेंटिमीटर अंतर सोडून, तापलेल्या दाभणाने भोके पाडा. तार ओवा, पक्कडीने पीळ द्या आणि जादा तार कापून टाका. पिळाचे टोक गरम करून प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवा, म्हणजे हाताला लागणार नाही. फुटक्या चाळणीची स्टीलची जाळी असेल तर तिचा तुकडा तड्यावर ठेवून वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये दाबला तरी चालतो. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या जे काम करतात, तेच ही जाळी करते. बादलीचा कान तुटला असेल तर वितळवण्याच्या भानगडीत पडू नका. दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या लावून नट-बोल्ट कसा. दिसायला ते ओबडधोबड दिसते, पण टिकते.

मग डिंक अगदीच निरुपयोगी आहे का? तसे नाही. जी प्लॅस्टिके पाण्यात बुडतात, त्यांतील कडक वस्तूंवर डिंक चांगला चालतो. पट्टी, कंपासपेटीचे झाकण, रेडिओची पेटी यांचे तुकडे एकमेकांत नेमके बसत असतील तर एक-दोन थेंब पुरतात. एखादी कपची हरवली असेल तर त्या खळग्यात चिमूटभर खाण्याचा सोडा भरून त्यावर झटपट डिंकाचा थेंब सोडा. तो क्षणात दगडासारखा होतो. मात्र त्या वेळी चांगलीच उष्णता निघते आणि डोळ्यांना झोंबणारी वाफही येते. तोंड दूर ठेवा. हा डिंक सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर कापड चटका बसण्याइतके तापते. बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, हळूहळू सुटतात.

पीव्हीसी पाइपची रीत निराळी. हार्डवेअरच्या दुकानात त्याचे खास सोल्यूशन मिळते. ते दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवते. दोन्ही भाग एकमेकांत सरकवले की विरघळलेले थर मिसळतात. द्रव उडून गेला की सांधा उरतो. डब्यावर लिहिलेली वेळ पूर्ण झाल्याशिवाय नळ सोडू नका. पीव्हीसीला गरम सळई मात्र कधीच लावू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो. पाण्याशी त्याची गाठ पडली की त्याचे आम्ल होते, आणि आपल्या नाकात, घशात आणि डोळ्यांत पाणी असतेच.

काम करताना चटका बसला तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात वीस मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई असले काही लावू नका. वितळलेले प्लॅस्टिक कातडीला चिकटले तर ओढून काढू नका. पाण्याखाली धरा आणि दवाखान्यात जा.

आता चाचांच्या त्या वाक्याकडे परत येऊ. वस्तू जोडता येते की नाही हा एक प्रश्न झाला. ती जोडावी की नाही हा दुसरा. दुसरा प्रश्न आधी विचारायचा. जोड सुटला तर काय होईल? पाणी सांडेल, कपडे ओले होतील, एवढेच असेल तर खुशाल हात घाला. पण कुणी पडेल, भाजेल, कुणाला विजेचा धक्का बसेल असे असेल तर ती वस्तू जोडायची नाही. कुकरची मूठ, गॅसची नळी, विजेचा प्लग, हेल्मेट, खुर्चीचा किंवा स्टुलाचा पाय, लहान मुलांचा पाळणा, यांना नवा भागच लागतो किंवा नवी वस्तूच. पेट्रोल-रॉकेलच्या कॅनला तर गरम सळई जवळसुद्धा नेऊ नका. कॅन रिकामा दिसला तरी आत वाफ असते आणि ती पेट घेते. जोडलेल्या भांड्यात पिण्याचे पाणी किंवा गरम अन्न ठेवू नका. खाचेत घाण साचते आणि ती धुतली जात नाही.

काही वस्तू मात्र कुणाच्याच हातात उरलेल्या नसतात. वर्षानुवर्षे गच्चीवर उन्हात राहिलेला टब घ्या. त्याचा रंग फिका पडतो, बोट फिरवले की पांढरी भुकटी लागते. उन्हातील अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुकडे तुकडे केलेल्या असतात. तुम्ही एक तडा जोडाल, तोवर शेजारी दुसरा जाईल. तो टब भंगारवाल्याकडेच जाऊ द्या. तिथे वाईट वाटून घेऊ नका.

चाचांनी लाल पट्टी भरून जोडलेली ती निळी बादली आमच्या घरी पुढे कित्येक वर्षे चालली. चाचांनी पैसे थोडे घेतले आणि उरलेल्या स्टुलाचे दोन तुकडे मागून घेतले. बाकीचे स्टूल मी जपून ठेवले. नववीत गेल्यावर मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपाई मामांकडून सोल्डरिंग आयर्न मागून आणले आणि त्यांच्यासमोर बसून आमची दुसरी बादली जोडली. माझे टाके वाकडेतिकडे होते. एका जागी रंग तपकिरीही झाला होता. स्टुलाची लाल पट्टी त्यात उठून दिसत होती.

बादली मी दादीपुढे नेऊन ठेवली. या वेळी तिने लगेच दुआ दिली नाही. ती म्हणाली, "पाण्याने भर." मी काठोकाठ भरली. तिने ती कोरड्या फरशीवर ठेवायला लावली आणि शेजारी तसबीह घेऊन बसली. असरची वेळ होती. मगरिबची अजान झाली तेव्हा तिने बादली मला जरा कलती करायला सांगितली आणि आपला उजवा हात, मनगटाशी किंचित वाकडा राहिलेला, बुडाखालून फिरवला. तळहात वर करून उजेडात पाहिला. तो कोरडा होता.

"ने मोरीत," दादी म्हणाली.